पांढऱ्या मातीची आणखी एक पाटी

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. बीडला बिंदुसरेच्या काठावर आमचं धाब्याचं घर, म्हणजे आडव्या लाकडी सरांवर काड्या आणि त्यावर मातीचा जाड थर. ते गळायला लागलं की सासऱ्यांकडं औषध एकच, पांढऱ्या मातीची आणखी एक पाटी ओता आणि चोपा. जुनी माती खरवडून काढायचं नाव नाही. त्यांच्या वडिलांनी टाकली, त्यांनी टाकली, आता माझा नवरा टाकत होता.

त्या श्रावणात आतल्या अंधाऱ्या खोलीत मी बाळंतीण झाले. बाजेवर उताणी पडून दुसरं काय बघणार? छताचे सर बघायची. मधला सर पोटात वाकला होता. बाळाच्या कपाळावर माती पडायची, मी पुसायची, परत पडायची.

"आत्याबाई, सर वाकलाय," मी सासूला म्हटलं.

"बाळंतपणात असलंच कायबाय दिसतं गं बाई. पड गप."

सगळ्या आळीची नजर नदीवर. पाणी पायरीला लागलं का, एवढंच जो तो विचारायचा. माझ्या डोक्यावर काय चाललंय त्याची कुणाला पडलीय! झड थांबेना, गळती थांबेना, आणि बापलेक वर चढून धपाधप चोपत होते. दर धपक्याला मी बाळावर हात आडवा धरायची.

मग खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. नवऱ्यानं रंधा मारून वरची कड तासली. "पावसानं लाकूड फुगलंय," म्हणाला. बरं. पुढं झड उघडली, कडक ऊन पडलं, घरातली बाकीची दारं सुटी झाली. हे मात्र तासूनही परत अडकलं. तेव्हा मला उमगलं. दार फुगत नव्हतं, छत खाली येत होतं.

बाळाला छातीशी धरलं, खांद्यानं दार रेटलं आणि अंगणात आले. विटाळ गेला चुलीत!

सासू धावत आली. "अगं बये, सव्वा महिना झाला न्हाई अजून! लेकराचं डोकं उघडं हाय, वारं लागंल की!"

"लागू द्या. मी आत जायची न्हाई."

लई चिडली. पण चिडता चिडता पदर मात्र बाळाच्या डोक्यावर धरला. "कावून असं करतीस गं? थांब, कुंची तरी आणते."

"आत्याबाई, राहू द्या!" मी ओरडले. ती गेलीच.

आवाज फार मोठा झाला नाही. दारातून पांढरी धूळ तेवढी बाहेर आली. सासरे आणि नवरा नदीवरून पळत आले. माती उपसता उपसता संध्याकाळ झाली, एवढी माती आमच्या डोक्यावर होती. कुंची तिच्या मुठीत होती.

पुढं लेकाला मी कधी कुंची घातली नाही. बायका म्हणायच्या, अगं, वारं लागंल. मी त्याच्या डोक्यावर पदर धरायची. पण "लागू द्या" हे माझ्या तोंडून परत कधी निघालं नाही.