आगाऊ उपकारस्तुती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत संकट टळलं की उपकारस्तुतीची सभा ठेवतात. अंगणात मांडव, चार गाणी, देवाने कसं तारलं याची ज्याच्यावर बेतलं होतं त्याने द्यायची साक्ष, पाळकांची प्रार्थना आणि मग जेवण. हे सगळं संकट टळल्यावर करायचं असतं. मी ते आधीच ठरवून बसले.

मी डहाणूत सरकारी कचेरीत कारकून. आयुष्यभर लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या. प्रार्थनाही तशीच करायचे: विषय, मागणी, मुदत. तलासरीला शाळेत शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा मी रडत बसले नाही, कामाला लागले. माझं मूत्रपिंड त्याला जुळलं. मुंबईला खेटे घालून परवानगी आणली, ऑपरेशनची तारीख मिळवली. आणि एका रविवारी उपासनेत उभं राहून जाहीर केलं, "ईस्टरनंतरच्या सहाव्या रविवारी माझ्या भावाची उपकारस्तुती. सगळ्यांनी तलासरीला त्याच्या घरी जेवायला यायचं."

बाहेर आल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "ताई, 'प्रभूची इच्छा असली तर' एवढं तरी म्हणायचंस."

"ते ज्यांना शंका असते त्यांनी म्हणायचं," मी म्हणाले. "मला नाही."

कचेरीतली मैत्रीण मला मांडववाल्याशी फोनवर हुज्जत घालताना ऐकून म्हणाली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!" मी हसले. तिला बिचारीला विश्वास म्हणजे काय ते कुठे ठाऊक, असं मनात म्हणाले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

डायलिसिससाठी भाऊ आठवड्यातून तीनदा डहाणूला यायचा. संध्याकाळी मी त्याला भाड्याच्या गाडीने तलासरीला सोडायला जायचे. एकदा वाटेत विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली होती, त्यामुळे हायवेवर गाडी अर्धा तास अडकली. त्या अर्ध्या तासात तो म्हणाला, "ताई, समजा ऑपरेशन झालंच नाही, तर दोन गोष्टी तुला सांगून ठेवायच्यात. एक पोरीबद्दल..."

"असलं तोंडातून काढायचं नाही. हा अविश्वास आहे."

त्याने पोरीसाठी खिडकीतूनच एक शिट्टी घेतली आणि मांडीवर धरून बसला. आठ दिवसांनी फोनवर त्याने पुन्हा विषय काढला. मी म्हणाले, "आधी साक्षीत काय बोलणार ते सांग." त्याला सुचेना, म्हणून त्याची साक्ष मीच लिहून काढली, फुलस्केपच्या दोन पानांवर, शुद्धलेखन तपासून. त्याने ती शांतपणे वाचली. म्हणाला, "छान लिहिलंयस. फक्त यात मी कुठे दिसत नाही."

ऑपरेशनला अकरा दिवस असताना त्याला थंडी वाजून ताप भरला. जंतू रक्तात गेले होते. आयसीयूच्या दारात त्याने माझा हात धरला आणि मास्कच्या आतून काहीतरी बोलायला लागला. "दमू नकोस, बरा झालास की बोल," असं म्हणून मी त्याचा हात पांघरुणात सरकवला. तो बोलायचा थांबला. तिसऱ्या दिवशी गेला.

तलासरीला वडिलांशेजारी त्याला पुरलं. मांडव रद्द केला, आचाऱ्याला कळवलं, शक्य तितक्यांना फोन केले. तरी त्या सहाव्या रविवारी गंजाडपलीकडच्या पाड्यावरची दोन कुटुंबं ठेवणीतले कपडे घालून, उपकारस्तुतीसाठी परसातला भोपळा घेऊन आली. त्यांच्याकडे फोन लागत नव्हता. त्यांना अंगणात बसवून काय झालं ते मला सांगावं लागलं. त्यांच्यातल्या म्हातारबाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि प्रार्थना केली, "प्रभू, तुझी इच्छा." मला त्यांचा राग आला. देवाचा तर आलाच. अजूनही येतो. तीच प्रार्थना आता मीही रोज करते. राग धरूनच करते, कारण देवाला सोडून जायला मला दुसरी जागा नाही. मी देवावर विसंबले आहे असं मला वाटायचं, पण विसंबले होते मी माझ्या तारखेवर. भावाने मात्र स्वतःचा जीवसुद्धा मुठीत आवळून धरला नव्हता. त्याला फक्त मागचं नीट लावून जायचं होतं.

पाहुण्यांसाठी भात टाकायला मी स्वयंपाकघरात गेले. भावजय चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "ताई, त्यांनी विषय काढला की मला रडू यायचं. मग ते म्हणायचे, तू राहू दे, मी ताईला सगळं सांगून ठेवतो. पोरीचं, तुझं, सगळं." तिने डोळे पुसले. "आज सांगाल का? काय म्हणाले होते?"

मी तांदूळ धूत होते. हात पाण्यातच राहिले.

"मी त्याला बोलू दिलं नाही," मी म्हणाले.

तिला आधी ते कळलंच नाही. मग तिने विचारलं, "म्हणजे ते कुणालाच काही सांगून गेले नाहीत?"