आत्याचा आवाज आणि माझा चॅटबॉट

आत्या मुरबे गावची. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील नि जवळा विकायची आणि मासळीच्या वासाआधी तिचा आवाज पोचायचा. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात तो कायमचा गेला. जीव वाचला, पण घरी आल्यावर तिने टोपली पालथी घातली. आता ती बाजारात बसणार नाही, हे सगळे धरूनच चालले. मला ते सहन होईना. माझ्या लग्नात भटजींनाही ओरडून गप्प करणारी बाई ती.

मी बोईसरलाच सॉफ्टवेअरचं काम करते. मला दोन उपाय सुचले. एक चॅटबॉट: गिऱ्हाइकाने कोड स्कॅन करून फोनवरची बटणं दाबायची, उत्तर आत्याच्या वतीने तो देणार. दुसरी साधी मजकुराची फाईल: वर मथळा, खाली ठळक अक्षरं, छापली की टोपलीला लावायची. फाईल मला मुकी वाटली. शिवाय हौसेला मोल नसतं. मी चॅटबॉट केला, त्याचा कोड टोपलीला चिकटवला आणि आत्याला पुन्हा बाजारात बसवलं.

तो फारच छान चालला. लोक मान खाली घालून फोनशी बोलत, ठरलेला भाव वाचत, बोंबलांचा वाटा उचलून निघून जात. आत्याकडे कुणी बघेना. आमच्याकडे घासाघीस न करता मासळी घेणारा एकतर नवखा असतो, नाहीतर रुसलेला. आणि मी शहाणीने घासाघिशीचं बटणच ठेवलं नव्हतं. दुपारी टोपली रिकामी झाली आणि आत्या पदराने डोळे पुसत होती.

घरी आल्यावर तिने माझा लॅपटॉप ओढून घेतला. चौथी शिकलेली ती, एकेक अक्षर शोधत फाईल लिहायला बसली. मी मदतीला हात घातला, तर चापट बसली. मी फक्त अक्षरं ठळक करून छापली.

"आवाज गेला हाय, मी हाय. भाव करा."

पुढच्या बाजारी तो कागद टोपलीला लावला. एक जुनी गिऱ्हाईक बाई तो वाचून समोर उकिडवी बसली.

"एवढ्याला नाय परवडत गो," ती म्हणाली. "वर मूठभर जवळा घाल."

आत्याने कपाळावर हात मारला, बोटं नाचवली, वाटा मागे ओढला. बाई उठून निघाली, दोन पावलांवरून परत वळली. मला राहवेना. मी आत्याच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. आत्याने डोळे वटारून मला बाजूला सारलं आणि पदर खोचून एकटीच भांडू लागली.