भाईर या, पावणं

अक्का कुठल्याही गाडीजवळ गेल्या की आधी बॉनेटवर तळहातानं थापा मारायच्या आणि मोठ्यानं ओरडायच्या, “आत कोण हाय? भाईर या, पावणं!” मग कंबरेवर हात ठेवून जरा वेळ थांबायच्या. आत एखादी पाल, उंदीर, नाहीतर मांजराचं पिल्लू ऊब घेत बसलं असेल तर त्याला निघायला सवड मिळावी म्हणून. किल्लीला हात त्यानंतर. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, या बाईंच्या हातात आपली गाडी देण्यापेक्षा ती भंगारात दिलेली बरी.

अक्का आमच्या शेजारच्या. मूळच्या हुपरीच्या, जैन. घरातच चांदीची पैंजणं घडवायचं काम चालायचं आणि तयार माल कोल्हापुरात पोचवायला एक जुनी जीप होती. ती रोज सकाळी रुसायची. “मालकांचं हात चांदीत, मग गिरीसमध्ये हात कुणी घालायचं? मीच की!” असं त्या छाती पुढं काढून सांगायच्या. नम्रपणा हा गुण त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. मालक गेल्यावर त्या मुलाकडे कसबा बावड्याला आल्या. येताना दागिने लेकीला दिले आणि स्वतःजवळ ठेवला तो पाने-स्क्रूड्रायव्हरचा डबा. त्यात एक पितळी तारांचा ब्रश होता. हुपरीला रिठ्याच्या पाण्यात बुडवून चांदी उजळायचा तो ब्रश.

आमच्या गाडीचं नाव ढवळी. पांढरी म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलेलं. गोठ्यात जनावरं राहिली नाहीत, पण नावं ठेवायची सवय गेली नव्हती. एके वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं ‘हां’ आणि ‘न्हाय’वर आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे पहिले महिनेच महत्त्वाचे, व्यायाम चुकवलात तर पाय असाच राहील. व्यायाम करून घ्यायची जागा लांब, कोल्हापुरात. रिक्षात त्यांचा तो ताठ पाय मावायचा नाही, दुमडताना ते कळवळायचे. शेवटी एके दिवशी ‘न्हाय’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एवढा तालमीत घुमलेला माणूस असा पडलेला मला बघवेना. ढवळीची पुढची सीट मागं सरकायची, तिच्यात ते पाय पसरून बसले असते. पण ते आजारी पडल्यापासून ढवळी पेरूच्या झाडाखाली उभी होती, आणि किल्ली फिरवली की नुसती ‘टक्’ करायची.

मी टक् टक् करत राहिले. गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, “ताई, ओढून आणा, मग बघू. पण त्यापेक्षा नवीन घ्या.” पुण्याहून भाऊ म्हणाला, “विकून टाक.” तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, “ए पोरी, सोड ती किल्ली! त्या बॅटरीचा जीव घेतीस काय?” आणि मागोमाग डबा घेऊन, पदर खोचून अक्का फाटकातून आत. थापा, आरोळी, सगळं यथासांग झालं. मग म्हणाल्या, “माझं गुडघं वाकत न्हाईत. मी सांगतो, तू वाक.”

अक्कांची पद्धत साधी होती. एका वेळी एकच गोष्ट बघायची, आणि ती नक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. “हॉर्न वाजव.” मेलेल्या आवाजात वाजला. “दिवं लाव, आणि आता किल्ली मार.” दिवे विझत आले. मग त्यांनी मला बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी दाखवली. गरम पाणी, खायचा सोडा आणि तो पितळी ब्रश. मी घासत होते आणि त्या वरून ओरडत होत्या, “पैंजण समजून घास! उद्या कुणाच्या तरी पायात जायाचं हाय!” टोकं लखलखली. वर व्हॅसलीन फासलं, अक्कांच्या मुलाच्या गाडीवरून वायर जोडून बॅटरीला जोर दिला आणि किल्ली फिरवली. ढवळी घर्र घर्र करून फिरली, पण पेट घेईना.

“पंप गेला,” अक्कांनी जाहीर केलं. “माझा शब्द हाय. न्हाय निघालं तर नाव बदलीन.” मी पेट्रोलची नळी काढून किल्ली मारली, तर पेट्रोलची चिळकांडी थेट त्यांच्या लुगड्यावर. मला वाटलं आता ओशाळतील. छे! त्या खुशीत म्हणाल्या, “चला, पंप चांगला हाय. काय बिघडलं न्हाय ते कळलं म्हंजे निम्मं काम झालं.” एवढ्यात ऊन उतरलं. अक्कांनी आभाळाकडे बघितलं, हातातला पाना बॉनेटवर ठेवला आणि “येतो मी,” म्हणून निघाल्याच. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं, मग पाणीसुद्धा नाही. गाडी अशी आतडी बाहेर काढून उभी आणि या जेवायला! मी पाय आपटत घरात आले.

दुसऱ्या दिवशी एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगितलं. झाकण काढलं तर आत काथ्या, कापूस, सीटच्या फोमचे तुकडे, आणि त्या गादीत गुलाबी, डोळे मिटलेली खारीची पिल्लं. हवा जायला वाटच नव्हती. बिघाड सापडला म्हणून मी टाळी वाजवली. अक्कांनी मात्र ओठावर बोट ठेवलं आणि झाकण माझ्या हातातून घेऊन अलगद परत लावलं.

“आता न्हाय. पिल्लं पळाय लागली की बघू.”

“अक्का, तुम्हीच तर थापा मारून बोलावलं होतं सगळ्यांना!”

“बोलावलं व्हतं, पर ह्येंच्यात चालतंय कोण?”

मी भडकले. माझ्या बापाचा पाय कायमचा असाच राहायची वेळ आलीय आणि तुम्हाला खारीचं पडलंय, असं तोंडावर बोलले. अक्का माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, “दोनी बी जीवच हायत की! आन् तुज्या बापाला मी नेतो रिक्षातनं. बघतो कसा येत न्हाय!” पिल्लं हलवावीत असं मला पुष्कळदा वाटलं, पण झाकणाला हात लावायची छाती झाली नाही.

आणि अक्का खरोखर आल्या. आबांच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “पावणं, उठा. मला बी गुडघ्याचं दाखवायचंय, एकटी कशी जाऊ?” शेजारच्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून आबा उठले. रिक्षात अक्कांनी त्यांचा ताठ पाय चक्क आपल्या मांडीवर घेतला. रिक्षा खड्ड्यात आदळली की आबांच्या आधी अक्काच बोंब ठोकायच्या आणि रिक्षावाल्याचा उद्धार करायच्या. एकदा तो उद्धार इतका रंगला की आबा हसले. आजारपणात पहिल्यांदा.

निघताना रोज त्या आबांना ढवळीपाशी न्यायच्या. “इचारा बरं, आत कोण हाय?” म्हणत त्यांचा उजवा हात मनगटाला धरून बॉनेटवर टेकवायच्या. “हळू हां, लेकरं झोपल्यात.” व्यायामाच्या जागी जो हात उचलायला आबा तयार नसायचे, तो ते इथं उचलू बघायचे. बोटं थरथरायची, निम्म्यातच हात पडायचा. मग एके दिवशी अक्कांनी मनगट धरलंच नाही. हात आपला आपण वर गेला आणि बॉनेटवर पडला, अगदी हळू, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा.

पुढं पिल्लं पेरूवर चढून टुकूटुकू बघायला लागली. मी घरटं उचलून झाडाच्या बेचक्यात ठेवलं, नवा फिल्टर घातला, प्लग घासले, शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. सगळं होईतो ऊन पुन्हा उतरलं होतं. अक्का खोचलेला पदर सोडत म्हणाल्या, “आता तुजं तू कर. चालू झाली की हॉर्न वाजीव, मला घरात ऐकू येतंय.” त्या गेल्या. मी किल्ली फिरवली. ढवळी खोकली, धूर सोडला आणि चालू झाली! मी हॉर्नवरचा हात काढेना. भिंतीपलीकडून जेवणाच्या ताटावर वाटी बडवल्याचा ठणठणाट आला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. व्यायाम करून ऊन उतरताना आम्ही परतलो की भिंतीजवळ हॉर्न वाजवायचा, आणि पलीकडे अक्का जेवता जेवता ताट वाजवायच्या. आबा आधी पाय पसरून यायचे, नंतर काठीला टेकून चालायला लागले. उजव्या हातानं घास घ्यायला लागले. शब्द मात्र फारसे परतले नाहीत. माझा स्वभाव तापट, एक काम अडलं की मी दहा ठिकाणी हात घालणारी. आज घरात काहीही बिघडलं, माणसांमधलंसुद्धा, तर मी आधी काय बिघडलेलं नाही ते बघते. हे मी अक्कांकडून घेतलं. त्यांचे उपकार मानायचे राहिले, कारण त्या मानूच द्यायच्या नाहीत.

यंदा थंडीत अक्का थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेल्या. आबा काठी टेकत गेले आणि अखेरपर्यंत त्यांच्या उशाशी बसून होते. त्यांच्या सुनेनं तो पान्यांचा डबा मला आणून दिला. ब्रश त्यात होता.

काही दिवस व्यायाम बंद राहिला. मग एका दुपारी आम्ही निघालो. आबांनी नेहमीसारखं बॉनेट थोपटलं, थांबले, आणि मगच बसले. येताना ऊन उतरलं होतं. भिंतीजवळ आलो तशी मी हॉर्न न वाजवता गाडी आत घ्यायला लागले. आबांनी उजवा हात उचलला, माझ्यापुढून नेला आणि हॉर्न दाबला. मग भिंतीकडे कान देऊन बसले. मी इंजिन बंद केलं. पलीकडे शांत होतं.

बऱ्याच वेळानं आबा माझ्याकडे वळले आणि स्वच्छ म्हणाले, “जेवत असंल.”

“व्हय, आबा,” मी म्हटलं.