चाळीसपैकी एकतीस

कापूस ओला की सुका, हे आमच्याकडे दातांनी ठरतं. सरकी दाढेखाली धरायची. कट्‌कन फुटली तर सुका, चेपली तर ओला. अमरावतीत आमच्या शेजारचे चाचा कापसाचे दलाल. तीस वर्षं त्यांच्या दातांवर सौदे झाले. त्यामुळे माझ्या नववीतल्या मुलीनं कापसातला ओलावा सांगणारा डबा बनवला, तेव्हा तो तपासायला आम्ही चाचांनाच बसवलं. डब्याचा हिरवा दिवा म्हणजे सुका, लाल म्हणजे ओला.

चार रविवार, दर रविवारी दहा नमुने. वही मी ठेवली. पहिल्या तीन रविवारी डब्याचं आणि चाचांचं तीसपैकी एकोणतीस वेळा जुळलं. चौथ्या रविवारी दहापैकी फक्त दोनदा.

"बाबा, आज काहीतरी गडबड होऊन राहिली. हा रविवार सोडून द्या."

"नावडते आकडे सोडले की उरते ते खोटं," मी म्हणालो. वहीत चाळीसपैकी एकतीस लिहिलं आणि खाली तिची सही घेतली.

अकोल्यात बालसंशोधकांचे पुरस्कार होते. पहिल्या येणाऱ्याला उन्हाळ्यात महिनाभर प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. तिला ढाल नको होती, तो महिना हवा होता. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत ती पाठ केलेलं पुटपुटत होती.

मंचावर ती चांगली बोलली. परीक्षकांनी विचारलं, "डबा किती वेळा बरोबर येतो?"

"तीसपैकी एकोणतीस."

मी चौथ्या रांगेत होतो. उभा राहिलो. "चाळीसपैकी एकतीस. शेवटचा रविवार सांग."

"बसा ना काका, पोरगी बोलून राहिली," मागून कोणीतरी म्हणालं.

"घरातच विरोधी पक्ष दिसतो," परीक्षक म्हणाले. सभागृह हसलं. तिनं डब्याचा दिवा बंद केला आणि उरलेलं भाषण न करताच खाली उतरली.

पहिला आलेल्या मुलाच्या तक्त्यावर 'शंभर टक्के अचूक' असं लिहिलं होतं. त्याचं यंत्र चालूसुद्धा झालं नव्हतं. तेव्हा मी बसूनच होतो. दुसऱ्यांच्या आकड्यांशी आपला संबंध नाही, असं मला वाटलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याजवळ न बसता एका अनोळखी बाईशेजारी बसली. मी मागून म्हणालो, "साडेसत्त्याहत्तर टक्के काही कमी नसतात." त्या बाईनं वळून पाहिलं. मुलीनं पाहिलं नाही.

महिनाभरानं चाचा आमच्या ओट्यावर आले. मुलगी दारातच अभ्यास करत होती.

"बेटी, तो तुझा डब्बा मले देऊन टाक. या कवळीनं सरकीचं काई समजत नाही."

"कवळी कधी बसवली?" मी विचारलं.

"तो आखरी इतवार होता ना, त्याच्या आदल्या दिवशी. शरम वाटली भाऊ. दात गेले म्हटलं तर बाजारात कोण विचारते? अंदाजानंच सांगत गेलो."

मी वही आणली. चौथ्या रविवारचं पान उघडलं. दहा ओळी, त्यात माझ्या लाल शाईच्या आठ फुल्या. मी मुलीला म्हणालो, "तुझं बरोबर होतं. तो रविवार धरायला नको होता."

"मी तवाच सांगितलं होतं."

"मला काय माहीत? मी फक्त..."

"आता कावून हळू बोलून राहिले, बाबा? तिथं तर उभे राहिले होते."

चाचांना काही कळेना. ते तिच्याकडे पाहून हसले; कवळी थोडी हलली. "देशील ना बेटी?"

"डबा खोलून टाकला, चाचा. अकोल्याहून आलो त्याच दिवशी."

"मग पुन्हा जोड. तुले काय कठीण?"

तिनं पुस्तकाचं पान उलटलं. "बाबांले सांगा. तारा किती होत्या, ते त्यांच्या वहीत असंन."

वहीत ते नव्हतं.