जमातीच्या खोलीतली मोकळी खाट

हवल्लीत आमच्या गावच्या मुसलमान जमातीची एक खोली होती. गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, खोली कुवेतमध्ये, आणि तिचा कारभारी मी. गावाकडून नवा माणूस आला की नोकरी लागेपर्यंत त्याने तिथेच राहायचं, म्हणून एक खाट कायम मोकळी ठेवलेली असे. गावचा नसेल त्याला ती द्यायची नाही, हा जमातीचा नियम. तो वहीत मीच लिहिला होता आणि मला त्याचा भारी तोरा होता.

शुऐबाच्या बंदरावर माझ्या शेजारच्या टेबलावर एक पॅलेस्टिनी कारकून बसायचा. मी नवा असताना राहण्याच्या परवान्याचे सगळे अरबी कागद त्यानेच भरून दिले होते, बदल्यात चहासुद्धा घेतला नव्हता. सदुसष्टच्या जूनमध्ये लढाई झाली. तुलकर्मकडचं त्याचं घर इस्राएलच्या ताब्यात गेलं, आणि महिन्याभरात त्याचे वडील, दोन बहिणी आणि त्यांची मुलं अम्मानमार्गे त्याच्या एका खोलीत येऊन पोहोचली. बायकामुलांच्या दाटीत म्हाताऱ्याला पाठ टेकायला जागा उरली नाही. कारकुनाने मला विचारलं, तुमच्याकडे एक खाट रिकामी असते, ती थोडे दिवस वडिलांना द्याल का?

खाट रिकामीच होती. दोन महिने तरी गावाकडून कुणी यायचं नव्हतं. खोलीतले दोघेतिघे म्हणालेही, देऊन टाका. मीच अडून बसलो. आज एकाला दिली तर उद्या अख्खी हवल्ली दारात उभी राहील, म्हणालो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

बरं, तोंडावर नाही म्हणायचीही हिंमत नव्हती. मी रेडिओच्या बातम्यांचा आडोसा घेतला. संयुक्त राष्ट्रांत बैठका चालू आहेत, समझोता होईलच, पंधरा दिवसांत वडील आपल्या घरी परततील, मग खाट हवी कशाला, असं मी त्याला सांगितलं.

शुक्रवारी नमाजानंतर म्हातारा मुलाला घेऊन स्वतःच विचारायला आला. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि मुलाच्या तोंडून तेच पुन्हा ऐकवलं. खाट त्याच्या समोर होती, धुतलेली चादर घातलेली. त्याने सावकाश चहा संपवला आणि अरबीत काहीतरी विचारलं. मुलाने माझ्याकडे न बघता ते इंग्रजीत सांगितलं.

"तुझं गाव अजून जागेवर आहे का, विचारतात."

"आहे, हाजी."

"तिथे तुमचीच माणसं राहतात?"

"हो."

"मग ठेव खाट राखून. अठ्ठेचाळीसच्या लढाईत आम्ही पहिलं गाव सोडलं, तेव्हाही पंधरा दिवसच सांगितले होते."

तेव्हा उठून त्याचा हात धरायला हवा होता. मी रिकामे पेले गोळा केले. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांत शांततेचा ठराव मंजूर झाला. आमच्या खोलीत रेडिओभोवती सगळे खूश झाले, आता प्रश्न सुटेल म्हणाले. म्हातारा अजून मुलाच्या इमारतीच्या जिन्यातच झोपत होता. बंदराच्या गाडीकडे जाताना सकाळी तो मला तिथे दिसायचा. मी रस्ता बदलला.