उखाण्यांच्या खेळात ताईंना वगळलं

मंडळी, आज मुळशीच्या एका रिसॉर्टवर आमच्या ऑफिसची कार्यशाळा होती. घरी आलोय, पण धक्क्यातून अजून सावरलेलो नाही.

खेळ साधा होता. गोलात बसून झेंडूचं फूल फिरवायचं, आणि ज्याच्या हाती ते येईल त्याने शेजारच्या सहकाऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं. हसून हसून पोट दुखत होतं.

इशाचा उखाणा झाला. तिने फूल शेजारच्या वैशालीताईंना न देता थेट पलीकडच्या विनायकला दिलं. ताईंचे यजमान गेल्या वर्षी वारले.

"मला का नाही गं?" ताईंनी विचारलं.

"ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अगं, नाव विनायकचं घ्यायचंय, नवऱ्याचं नाही! आण ते फूल इकडे."

आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मुळशीच्या धरणाचं पाणी निळंशार, विनायकरावांचं नाव घेते, रिपोर्ट कधी देणार?"

हशा पिकला. विनायकने कान पकडले.

इशा आमच्यात सगळ्यांत लहान. तिने ताईंचं मन जपायलाच तसं केलं. पण ताईंनी स्वतः विचारेपर्यंत आमच्यापैकी एकानेही "अगं, ताई राहिल्या" म्हटलं नाही.

तुम्ही तिथे असता, तर म्हटलं असतं?