तुळशीरामभाऊंचं मत

इटारसी मागे पडलंय, गाडी सातपुड्याच्या घाटात शिरलीय आणि अंगावरच्या चादरीवरून ऊन आणि सावली आळीपाळीनं सरकतेय. खासदार कुंदा निमजेचा डोळा लागतोय. समोरच्या बाकावर तिचा नवरा दिगंबर भुईमुगाच्या शेंगा फोडतोय. टरफलांचा तो आवाज आधी जवळून, मग लांबून, मग पाण्याखालून आल्यासारखा तिला ऐकू येतो. काल दुपारी लोकसभेत मंत्र्यांनी उभं राहून धरणांच्या पाण्याचं विधेयक मागे घेतलं. तेव्हापासून ती झोपलेली नाही. आधी फोन थांबत नव्हते, आणि ते थांबले तरी झोप येईना. इतका आनंद घेऊन आडवं कसं व्हावं, तेच तिला कळत नव्हतं.

"जरा पाय घ्या, ताई," कुणीतरी म्हणतं.

ती पाय आखडते. तिच्या पायथ्याशी तुळशीराम भोंगाडे बसतात. तोच खादीचा चुरगळलेला सदरा, तीच काखेतली पिशवी. भाऊ गेल्या दिवाळीच्या सुमाराला वारले, हे तिला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तरी ती दचकत नाही. मोठं माणूस आलंय म्हणून उठून बसते आणि पदर सारखा करते.

तुळशीरामभाऊ तिचे विरोधक. आयुष्यभर ते निवडणुका लढले आणि एकही जिंकले नाहीत. शेवटची लढले ती कुंदाच्या विरुद्ध. वरोऱ्याच्या बाजारात उभं राहून त्यांनी माइकवर सांगितलं होतं, "कुंदाताई मानूस म्हनून चांगली हाय. पन दिल्लीले गेली का ते तुमची राहनार नाही. कंपनीची होईन." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तरीही मतं कुंदालाच दिली होती. ती निवडून आली, पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. कारण तिच्या सत्ताधारी पक्षाच्या प्रचाराचा पैसा कुठून येतो, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"मले सांगा सगळं," भाऊ म्हणतात. "मी होतो कुठं आयकाले?"

"काय सांगू, भाऊ?"

"पयल्यापासून सांगा. समितीत काय झालं ते."

ती बोलायला तोंड उघडते, तर डबा उरलेलाच नसतो. संसदेच्या समितीचं लांबलचक टेबल समोर आहे आणि ते धरणाच्या कोरड्या तळाशी मांडलंय. भेगाळलेल्या गाळात खुर्च्यांचे पाय रुतलेत. वर, फार वर, धरणाची भिंत दिसते. खासदारांपुढे पाण्याचे पेले आहेत, सगळे रिकामे. कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

"विधेयक असं होतं," ती सांगते. "धरणातलं पाणी लांबच्या मुदतीच्या करारानं कंपन्यांना द्यायचं. मग गावांनी आपल्याच धरणाचं पाणी त्यांच्याकडून विकत घ्यायचं. मी खात्याच्या सचिवांना साधा प्रश्न विचारला. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तर आधी कुणाला मिळणार?"

टेबलापलीकडे सचिव बसलेत. प्रत्यक्षात झालं होतं तसंच आताही होतं. उत्तर देण्याआधी ते मान वळवून मागे बघतात. मागे निळ्या सूटमधला एक माणूस बसलाय, पाणी घेऊ पाहणाऱ्या एका बड्या उद्योगसमूहाचा. तो पुढे वाकून कानात काहीतरी सांगतो. मग सचिव उत्तर देतात. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्याही.

स्वप्नात मात्र तो सूटवाला स्वतः मान वळवतो. त्याच्या मागे आणखी एक माणूस आहे. तोही मान वळवतो. खुर्च्यांची ओळ गाळातून थेट भिंतीपर्यंत गेलीय आणि माना एकामागून एक वळत जाताहेत, वाऱ्यानं ज्वारी वळावी तशा.

"मग तुमी काय म्हनलं?" भाऊ अधीर होऊन विचारतात.

"मी म्हटलं, साहेब, दरवेळी तुम्ही मागे कुणाला विचारता? त्यांनाच पुढे बसू द्या. हा कायदा त्यांनी लिहिला असेल तर उत्तरंही त्यांनाच देऊ द्या. आणि मी हे विचारलं याची नोंद करा."

"अन् मग?"

"सचिवांचे कान लाल झाले. मग माझ्याच पक्षाचे एक म्हातारे खासदार म्हणाले, ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय."

भाऊ मांडीवर थाप मारतात. त्या आवाजासरशी गाळातून झुळझुळ ऐकू येते. कुंदा खाली बघते. तिच्या चपलांभोवती पाणी आलंय, स्वच्छ, गार.

"तरास दिला असंल तुमाले."

"दिला ना. आधी पक्षाचे नेते राज्यमंत्रिपद देऊ म्हणाले. मग म्हणाले, ताई, पुढच्या वेळी तिकीट लागेल ना? मग यांना फोन करून सांगितलं, बायकोला समजवा."

"मंग दिगंबररावांनी काय समजवलं?"

"म्हणाले, मला तिनं आजवर कधी काही समजवू दिलंय का?"

भाऊ हसतात. दोघं आता धरणाच्या भिंतीवरून चालताहेत. एका बाजूला गावं आहेत, एका बाजूला चढतं पाणी. ती त्यांना ग्रामसभांचं सांगते. समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेल्यावर ती गावोगाव फिरली. पहिल्या गावात लोक जमले, पण कुणी जवळ बसेना. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "निवडनूक आली काय गं, खासदारीनबाई आली म्हनून?" सगळे हसले. कुंदा सतरंजीवर बसली आणि जे घडलं ते तिनं सांगितलं, सचिवांनी मान कशी वळवली तेही करून दाखवलं. पुढच्या गावात ती पोहोचायच्या आधीच लोकांना मान वळवायची गोष्ट ठाऊक होती. मग शेजारच्या मतदारसंघात खासदाराला लोकांनी वाटेत थांबवून विचारलं, "साहेब, तुमी कुनाकडे पाहून हात वर करता?" मग राजस्थानात विचारलं, मग तेलंगणात. सत्ताधारी बाकांवरचे लोकच बैठकीत म्हणू लागले, हे विधेयक घेऊन आम्ही घरी जाऊ शकत नाही.

"अन् काल?"

"काल मंत्री उठले. घसा खाकरला. म्हणाले, जनभावनेचा आदर करून सरकार हे विधेयक मागे घेत आहे."

"घसा खाकरला?"

"दोनदा."

"पुन्यांदा सांगा."

ती पुन्हा सांगते. मंत्र्यांसारखा चष्मा नाकावर सरकवून, खाकरून सांगते. भाऊ लहान मुलासारखे हसतात, डोळे पुसतात, परत सांगा म्हणतात. तिसऱ्यांदा सांगताना तिलाच हसू आवरत नाही. त्यांच्या हसण्यानं भिंतीवरची पाखरं उडतात.

मग ती एवढा वेळ जे विचारायचं होतं ते विचारते.

"वरोऱ्यात तुम्ही तसं का म्हणालात, भाऊ? मी कंपनीची होईन म्हणून?"

भाऊ थांबतात. "मले तसंच वाटत होतं म्हनून," ते शांतपणे म्हणतात. "इतके गेलेले पाहिले, ताई. चांगले चांगले गेले. तुमीबी जासान असंच वाटलं. जनम सारा हारलो मी. पन चुकलो याचा इतका आनंद मले कधी झाला नाही."

तिला वाकून नमस्कार करायचा असतो, पण भिंत संपलेली असते आणि दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गाबाहेरच्या ओसरीत, रांगेत उभे असतात. आत बाकांवर मतदान अधिकारी बसलेत. फळ्यावर बाराखडी आहे आणि खिडकीतून धरणाचं पाणी चमकताना दिसतं. भाऊंची पाळी येते. अधिकारी यादीवरून बोट फिरवतो आणि मान हलवतो.

"भोंगाडे तुळशीराम. नाव वगळलंय, आजोबा."

"हाव, ते बरोबर हाय," भाऊ म्हणतात. त्यांना राग आलेला नाही. ते बाजूला होतात आणि कुंदाला पुढे करतात. "माझं मत ह्या टाकतीन."

"भाऊ, असं चालत नाही," ती हळूच म्हणते.

"आज चालते."

अधिकारी तिच्याकडे बघतो, मग भाऊंकडे, आणि काडी शाईत बुडवतो. कुंदा डावा हात पुढे करते. शाई गार लागते.

"कुणाला टाकू?" ती मागे वळून विचारते.

"ते बी सांगाले लागते काय?" तुळशीरामभाऊ ओसरीच्या उन्हात उभे राहून म्हणतात. त्यांचा चेहरा तिनं प्रचारात कधी पाहिला नव्हता इतका फुललेला असतो.

"कुंदा, ऊठ. नागपूर येतंय."

ती डोळे उघडते. खिडकीबाहेर दुपारचं लख्ख ऊन आहे. दिगंबर मांडीवरची टरफलं गोळा करत खिडकीला कपाळ लावून बघतोय.

"स्टेशनावर ही गर्दी," तो म्हणतो. "बाया पुढे आहेत. ती तुझी पहिल्या गावातली म्हातारीसुद्धा दिसतेय बघ, सगळ्यांच्या पुढे उभी आहे."

कुंदा उठते, केस सारखे करते. दाराकडे जाताना आधारासाठी दांडी धरते आणि दिगंबर तिचा हात पकडतो.

"हे काय लागलं गं बोटाला?"

डाव्या तर्जनीवर, नखाच्या मुळापासून वर, जांभळी रेघ आहे. ती अंगठ्यानं चोळून बघते. शाई अजून ओली आहे.